माथा, वाट आणि पायथा

पॅरासिटामॉलची पट्टी नसलेलं घर आपल्याकडे शोधावं लागेल. ताप आला, अंग मोडून आलं की आधी तीच गोळी. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो. तो कधी गोव्यातल्या वेर्ण्याचा असतो, तर बऱ्याचदा हिमाचलातल्या बद्दीचा. पत्ता खरा असतो, पण तो प्रवासाच्या फक्त शेवटच्या मुक्कामाचा. गोळी दाबण्याआधी तिच्यातली पांढरी भुकटी, म्हणजे खरं औषध, बहुधा दुसऱ्याच कारखान्यात तयार झालेली असते. ही भुकटी पॅरा-अमिनोफिनॉल नावाच्या रसायनावर असेटिक अनहायड्राइडची क्रिया करून बनवतात. आणि हे पॅरा-अमिनोफिनॉल गेली कित्येक वर्षं मुख्यतः चीनमधून जहाजाने येत आलं आहे.

औषधांच्या धंद्यातली माणसं ह्या टप्प्यांना ठरलेल्या नावांनी ओळखतात. सगळ्यात खाली सुरुवातीचं रसायन, त्याला ‘केएसएम’ म्हणतात. मग ‘इंटरमीडिएट’. मग प्रत्यक्ष औषधद्रव्य, ज्याला आता ‘एपीआय’ म्हणतात आणि जुनी माणसं अजूनही ‘बल्क ड्रग’ म्हणतात. शेवटी गोळी, कॅप्सूल किंवा इंजेक्शन, म्हणजे ‘फॉर्म्युलेशन’. आपण दुकानातून आणतो ते ह्या साखळीचं फक्त टोक.

३ मार्च २०२० रोजी हे टोक अचानक सगळ्यांच्या नजरेत आलं. चीनमधले कारखाने करोनामुळे बंद होते, आणि त्या दिवशी भारत सरकारने २६ औषधद्रव्यं व त्यांच्यापासून बनणारी औषधं यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. यादीत पॅरासिटामॉलही होतं. जगाचं औषधालय म्हणून ज्याची ओळख, त्या देशाला दोन-तीन रुपयांच्या गोळीची चिंता पडली होती. असं का झालं याचं उत्तर बाजारात शोधून पुरतं सापडत नाही. ह्या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या सरकारच्या कायद्याने, कराने किंवा अनुदानाने घडवलेली आहे. रसायनशास्त्रज्ञाने आपलं डोकं साखळीच्या कुठल्या कडीवर लावायचं, हेही बऱ्याच अंशी त्याच कायद्यांनी ठरवलं आहे. ते कसं, हे पाहायला सुरुवात मुंबईतल्या एका खटल्यापासून करू.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ सालचा इंग्रजी अमदानीतला पेटंट कायदाच चालू होता. परदेशी कंपन्या औषधांची पेटंटं घेत, पण बहुतेक औषधं इथे बनवत नसत. तयार माल आणून विकत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये एस्टेस केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा भारतासारख्या गरीब देशात काही प्रतिजैविकांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी असल्याचं समोर आलं. त्याच काळात परळच्या हाफकिन संस्थेने टोल्ब्युटामाइड ह्या मधुमेहावरच्या औषधाची स्वतःची कृती शोधली. मुंबईच्याच युनिकेम कंपनीने त्या कृतीने उत्पादन सुरू केलं. हेक्स्ट ह्या जर्मन कंपनीने दावा लावला. तिच्या पेटंटात टोल्ब्युटामाइडसारखी द्रव्यं बनवण्याच्या इतक्या साऱ्या पद्धती एकगठ्ठा मांडलेल्या होत्या, की हाफकिनची कृती त्यांतल्याच एकीत बसते असं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला. सरकारी संस्थेने शोधलेली कृती, मुंबईच्या कारखान्यात बनलेलं औषध, आणि ते बनवण्याचा हक्क मात्र दुसऱ्याचा. कायदा तसाच लिहिलेला होता, म्हणून न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नव्हता. कायदा बदलणं हाच मार्ग होता.

न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये पेटंट कायद्यावर जो अहवाल दिला, त्यात ह्या बदलाचा पाया होता. त्यावरचं विधेयक १९६५ मध्ये संसदेत आलं आणि रखडलं. पुन्हा आणलं गेलं, संयुक्त समित्यांतून फिरलं, आणि अखेर १९७० मध्ये मंजूर झालं. २० एप्रिल १९७२ पासून ते अमलात आलं. औषधांच्या बाबतीत ह्या कायद्याने एकच गोष्ट केली, पण ती मुळापासून: औषधद्रव्यावर पेटंट मिळणार नाही, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं.

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हा फरक पटकन कळेल. गडाचा माथा एक असतो, पण वर जाणाऱ्या वाटा अनेक. एखादी राजमार्गाची, एखादी गुराख्यांची, एखादी कड्यातल्या खोबणींत बोटं रोवून चढायची. जुना कायदा म्हणत होता, ज्याने माथा पहिल्यांदा गाठला, माथा त्याचा, बाकी कोणी कुठूनही आलं तरी दरवाजा बंद. नवा कायदा म्हणाला, तू ज्या वाटेने आलास ती वाट काही वर्षं तुझी. माथा सगळ्यांचा. दुसऱ्याने आपली वाट स्वतः शोधून यावं.

मग इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी वाटा शोधायला सुरुवात केली. ह्याला ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते मान्य नाही. एखाद्या रेणूची रचना कागदावर माहीत असणं आणि तो रेणू टनावारी, शुद्ध, स्वस्त आणि आधीच्या पेटंटात न अडकता बनवता येणं यांत फार मोठं अंतर आहे. सहा पायऱ्यांची कृती चार पायऱ्यांवर आणायची, महागडा उत्प्रेरक टाळायचा, उणे सत्तर अंशांवर होणारी क्रिया साध्या तापमानाला करून दाखवायची, उरलेला द्रावक गाळून पुन्हा वापरायचा. ही सगळी नवनिर्मितीच. तिला नोबेल मिळत नाही, पण औषधाचा भाव ती ठरवते.

कायदा बदलला म्हणून वाटा आपोआप सापडल्या असत्या का? बऱ्याच देशांनी तेव्हा असे सैल कायदे ठेवले होते आणि तिथे काहीच उगवलं नाही. आपल्याकडे वाट शोधणारी माणसं आधीच तयार होत होती, आणि ती घडवण्याचं काम सरकारी पैशाने चाललं होतं. माटुंग्याची यूडीसीटी १९३३ पासून रासायनिक तंत्रज्ञ घडवत होती. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपल्या तोंडची एनसीएल, १९५० मध्ये उभी राहिली. पिंपरीत १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. सोव्हिएत मदतीची आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी १९६१ मध्ये आली. तिचा प्रतिजैविकांचा कारखाना ऋषिकेशला होता, कृत्रिम औषधांचा हैदराबादला.

ह्या संस्था सुट्या नव्हत्या, माणसं एकीतून दुसरीत वाहत होती. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी यांचंच पाहा. शिक्षण यूडीसीटीत, पीएच.डी. एनसीएलमध्ये, नोकरी आयडीपीएलच्या हैदराबाद कारखान्यात, आणि मग १९८४ मध्ये स्वतःची कंपनी. हैदराबाद आज औषधद्रव्यांचं शहर आहे, त्याचं एक मूळ त्या सरकारी कारखान्यात आहे. आयडीपीएल स्वतः तोट्यात गेली. पण तिथे हात काळे करून शिकलेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी कारखाने काढले. ताळेबंदात हा नफा कुठेच दिसत नाही.

ए. व्ही. रामा राव यांची गोष्ट ह्याच जातकुळीची. एनसीएलमध्ये असताना त्यांच्या चमूने सदाफुलीच्या झाडातून मिळणाऱ्या व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ह्या कर्करोगावरच्या औषधांचं तंत्र सिपला कंपनीसाठी विकसित केलं. दारात कुंडीत लावतो ती आपली सदाफुली. तिच्या पानांत ही द्रव्यं इतकी अत्यल्प असतात की किलोभर औषधासाठी टनांनी पानं लागतात, आणि एकमेकांत मिसळलेल्या अनेक द्रव्यांतून नेमकं हवं ते वेगळं काढणं हीच खरी कसोटी. पुढे रामा राव हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत संचालक झाले. तिथे त्यांनी एड्सवरच्या एझेडटी ह्या औषधाची कृती बसवली आणि सिपलाने १९९३ मध्ये ते भारतात आणलं.

तेव्हा एड्सच्या औषधाला भारतात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पण ह्याच धाग्यावरून पुढे जे घडलं ते औषधांच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं. १९९६ च्या सुमारास डॉक्टरांना कळलं होतं की तीन औषधं एकत्र दिली तर एचआयव्ही दबून राहतो, रोगी जगतो. श्रीमंत देशांत एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आफ्रिकेत मात्र लोक मरत राहिले, कारण तीन औषधांचा वर्षाचा खर्च एका रोग्यामागे दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिपलाच्या युसूफ हमीद यांनी मेदसँ साँ फ्राँतिए ह्या डॉक्टरांच्या संघटनेला हीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी.

भावाची ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट गोळीत होती. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हातांत होती. तिघांनी आपापली औषधं एका गोळीत घालावीत यासाठी तिघांना एका टेबलाशी बसावं लागलं असतं, आणि ते बसत नव्हते. रोगी वेगवेगळ्या डब्यांतून वेगवेगळ्या वेळांना गोळ्या मोजत होता. भारतात ह्यांतल्या एकावरही द्रव्य-पेटंट नव्हतं. त्यामुळे सिपलाच्या तंत्रज्ञांनी तिन्ही एका गोळीत आणली आणि ट्रायोम्यून नावाने ती बाजारात आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. ज्या गावात नर्ससुद्धा आठवड्यातून एकदा येते, तिथे हा बदल नव्या रेणूच्या शोधाइतकाच मोलाचा होता. ज्या देशांत नवनिर्मितीला सर्वांत कडक संरक्षण होतं, त्यांना ही साधी, जीव वाचवणारी नवनिर्मिती करता आली नाही. १९७० मध्ये दिल्लीत कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आफ्रिकेतला एड्स नव्हता. पण त्यांनी माथा मोकळा ठेवला म्हणून तीन वाटांनी वर आलेली औषधं तिथे एकत्र येऊ शकली.

तोवर हा मोकळेपणा संपत आला होता. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ‘ट्रिप्स’ करार. त्याप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधद्रव्यावर पुन्हा पेटंट मिळू लागलं. माथ्यालाच कुंपण पडलं.

मात्र कुंपण घालताना संसदेने त्यात एक फाटक ठेवलं. कायद्याच्या कलम ३(ड) नुसार जुन्याच द्रव्याचं नवं रूप, गुणकारीपणात भर पडल्याचं दाखवल्याशिवाय, पेटंटयोग्य नाही. ल्युकेमियावरच्या ग्लिव्हेक ह्या औषधासाठी नोव्हार्टिसने नव्या स्फटिकरूपावर हक्क मागितला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०१२ मध्ये, पेटंट नियंत्रकांनी बायरच्या नेक्साव्हार ह्या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे बायरच्या संमतीशिवाय ते बनवायची मुभा, दिला होता. बायरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता, नॅटकोला ८,८८० रुपयांची मर्यादा घालून दिली, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क ठरवून दिलं.

नवनिर्मितीची दिशा तोपर्यंत दुसऱ्याच एका कायद्याने वळवली होती, आणि तो कायदा भारताचा नव्हता. अमेरिकेने १९८४ मध्ये हॅच-वॅक्समन कायदा केला. पेटंट संपलेल्या औषधाची नक्कल विकायला मोठ्या वैद्यकीय चाचण्या पुन्हा करायची गरज त्याने काढून टाकली, शरीरात ते मूळ औषधासारखंच काम करतं एवढं दाखवलं की पुरे. शिवाय एखाद्याचं पेटंट कच्चं आहे असं आव्हान देऊन जो पहिला अर्ज करेल, त्याला १८० दिवस एकट्याने जेनेरिक विकायची मुभा. ह्या १८० दिवसांत कंपन्यांचं नशीब पालटतं. म्हणून नव्वदीनंतर आपल्या कंपन्यांतल्या हुशार माणसांचा फार मोठा वेळ अमेरिकी पेटंटांतल्या फटी शोधण्यात आणि अमेरिकी निरीक्षकांना पटतील अशा नोंदी ठेवण्यात गेला. दौंडजवळच्या कुरकुंभमधल्या प्लांटमध्ये रात्रपाळीचा केमिस्ट कुठल्या रकान्यात सही करतो, हे वॉशिंग्टनमध्ये ठरू लागलं. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दहा औषधांपैकी सुमारे चार आज भारतीय कंपन्यांची असतात. हे यश साधं नाही. पण आपल्या एखाद्या खासगी कंपनीने स्वतः शोधून विकसित केलेला नवा रेणू बाजारात यायला २०१३ साल उजाडलं. ते झायडसचं सॅरोग्लिटाझार.

माथ्याविषयी आणि वाटांविषयी आपल्याकडे बरंच लिहिलं-बोललं जातं. पायथ्याविषयी, म्हणजे साखळीच्या खालच्या कड्यांविषयी, कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते आपली खरी चूक तिथे झाली, म्हणून तिथे जरा थांबायला हवं.

पेनिसिलिन हे रिअॅक्टरमध्ये रसायनं ओतून बनवत नाहीत. ते बुरशी बनवते. लाख-लाख लिटरच्या पोलादी टाक्यांत साखर, मक्याच्या उद्योगातून निघणारा काढा आणि क्षार यांचं आंबवण घालतात, त्यात बुरशी वाढवतात, आणि कित्येक दिवस अखंड निर्जंतुक हवा फुंकत, ढवळत, थंड करत बसतात. वीज गेली तर बुरशी गुदमरते. एका व्हॉल्व्हमधून बाहेरचा जंतू शिरला तर अख्खी टाकी गटारात. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या बाईला हवेचा अंदाज जसा हाताला कळतो, तसं इथेही फेस, वास, तापमानाचा चढउतार पाहून ओळखणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. आणि सगळ्यात मोलाची असते ती बुरशीची जात. फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा आजच्या कारखान्यातल्या बुरशीपासून हजारो पटींनी जास्त पेनिसिलिन निघतं. ही वाढ एका झटक्यात झालेली नाही. दर वर्षी थोडी थोडी, हजारो वाणांतून एक निवडत, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कामाचं ते फळ आहे. शेतकरी बियाणं निवडतो तसंच हे. ज्याची टाकी चालू, त्याचाच वाण सुधारतो. टाकी थांबली की सुधारणाही थांबते, आणि दहा वर्षांनी पुन्हा सुरू करायची म्हटलं तर समोरचा इतका पुढे गेलेला असतो की त्याचा विक्रीचा भाव आपल्या नुसत्या खर्चापेक्षा कमी भरतो.

पिंपरीत हे काम होत होतं. एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, हा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातला अगदी सुरुवातीचा मोठा कारखाना. तिथले संशोधक एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांतून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूला त्यांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या पिंपरीचं नाव सूक्ष्मजीवशास्त्रात असं कोरलं गेलं आहे, हे पिंपरीत राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

जवळजवळ त्याच वर्षांत चीनमधल्या शिजियाझुआंग शहरातही एक सरकारी प्रतिजैविक कारखाना उभा राहत होता. त्याला सोव्हिएत मदत होती. १९५३ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९५८ मध्ये उत्पादन सुरू झालं. दोन देश, दोन सरकारी कारखाने, वयाने भावंडं शोभावीत असे. चाळीस वर्षांनी शिजियाझुआंग जगाला पेनिसिलिन पुरवत होतं, आणि पिंपरीची कंपनी १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळापुढे उभी होती. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवायचा आणि कंपनी विकायला काढायचा निर्णय घेतला.

चीनने काय वेगळं केलं? प्रांतिक आणि शहरी सरकारांनी जमीन, वीज, वाफ, कर्ज स्वस्तात दिलं. मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज काढणारे उद्योग जवळपास वाढले, त्यामुळे बुरशीचं खाणं स्वस्त झालं. टाक्या प्रचंड मोठ्या केल्या. आणि आपसात स्पर्धा करणारे अनेक कारखाने उभे राहिले, त्यांनी भाव खाली खेचत नेला. आपण काय केलं हेही सांगायला हवं. १९७८ च्या औषध धोरणात कंपन्यांनी नुसत्या गोळ्या न करता औषधद्रव्यही बनवावं असं बंधन होतं. नव्वदीच्या दशकात ती बंधनं एकेक करून गेली आणि आयातशुल्कंही उतरली. दुसरीकडे नेहमीच्या कित्येक औषधांच्या किरकोळ भावावर सरकारचं नियंत्रण होतं. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, मी त्याच्या बाजूचा आहे. पण वरून भाव बांधलेला आणि खालून चिनी माल स्वस्त, अशा वेळी गोळ्या बनवणारा काय करणार? तो चिनी पेनिसिलिन-जी आणि त्यापासून होणारं ६-एपीए घेणार. घेतलंही. ह्या एका पायथ्यावर अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन अशी कितीतरी औषधं उभी आहेत.

वर २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादनशुल्काची माफी मिळाली. टाकी उचलून डोंगरात नेणं अवघड, पण गोळ्या दाबायची यंत्रं ट्रकवर चढतात. कारखाने बद्दीकडे गेले. पट्टीवरचा तो पत्ता आपण सुरुवातीला वाचला, त्याच्यामागे ही करसवलत आहे. थोडक्यात, सरकारचे एका हाताने घेतलेले निर्णय साखळीच्या शेवटच्या कडीला पैसा पुरवत राहिले, आणि खालची कडी सुटतेय याकडे दुसऱ्या हाताचं लक्षच नव्हतं. एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचा वाटतो. सगळे एका टेबलावर मांडून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

ह्या हिशेबात नदीचंही खातं आहे. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं प्रमाण औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त निघालं. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात, आणि मग तेच प्रतिजैविक आपल्यावर चालेनासं होतं. श्रीमंत देशांनी हे कारखाने आपल्या दारातून बाहेर घालवण्याचं एक कारण हे प्रदूषणच होतं. चीननेही २०१७ च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक केले, तेव्हा तिथले कारखाने बंद पडून आपल्याकडे कच्च्या मालाचे भाव भडकले. पायथा परत आणायचा म्हणजे त्याचं सांडपाणीही परत आणायचं. तारापूर, महाड, लोटे-परशुराम इथल्या खाड्या पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बल्क ड्रगचं धोरण लिहिताना पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च पहिल्या पानावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२० मध्ये, निर्यातीवरच्या निर्बंधांनंतर अवघ्या तीन आठवड्यांत, केंद्र सरकारने औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्यात ४१ द्रव्यं आहेत. रासायनिक क्रियेने बनणाऱ्यांना विक्रीच्या १० टक्के प्रोत्साहन, पण आंबवून बनणाऱ्यांना पहिली चार वर्षं २० टक्के, मग १५, मग ५. हा भेद ज्याने केला त्याला पायथा कुठे आहे हे ठाऊक होतं. सोबत बल्क ड्रग पार्कसाठी ३,००० कोटी रुपये ठेवले. तिथे वाफ, वीज आणि सांडपाण्याची सोय सामायिक असेल. महाराष्ट्राने रायगडमधल्या रोहा-मुरूड पट्ट्याचा प्रस्ताव दिला होता. पार्क मिळाले गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेशाला.

आणि २०२४ मध्ये आंध्रच्या काकीनाड्याजवळ ऑरोबिंदो समूहाच्या कारखान्यात पेनिसिलिन-जीच्या टाक्या सुरू झाल्या. वर्षाला १५,००० टनांची क्षमता. बऱ्याच वर्षांनी भारतात पुन्हा ह्या प्रमाणावर ती बुरशी वाढू लागली. तिथल्या पाळीवरच्या पोरांना आता फेस ओळखायला शिकायचं आहे, जंतू शिरलेली टाकी वेळेत पकडायला शिकायचं आहे, वाणातून वाण निवडायचा आहे, आणि हे सगळं चिनी भाव समोर असताना. योजनेतलं आंबवणाचं प्रोत्साहन २०२८-२९ मध्ये ५ टक्क्यांवर येऊन संपतं. त्या वर्षापर्यंत त्यांची बुरशी लिटरमागे किती पेनिसिलिन देऊ लागेल, त्यावर पुढची सगळी गणितं अडून आहेत.